चाळीस परस दोर

"हा अजगर कुणाचा?" सागिंदिकने गाडीच्या मागच्या दारातून डोकं आत घालून विचारलं.

"माझा," उल्बोसिन म्हणाली. "पायाशीच राहील. कुणाची जागा अडवणार नाही."

"ताई, बेकेत-अताच्या दर्ग्याला लोक साखर नेतात, तळलेल्या शेल्पेक पोळ्या नेतात, कुणी बोकड नेतं. दोर नेणारी तूच पहिली बघतोय."

उंटाच्या लोकरीचा, मनगटाएवढा जाड दोर. वेटोळं करून ठेवला तरी गाडीतली दोन माणसांची जागा खात होता. गाडी म्हणजे जुनी रशियन, करड्या रंगाची, आकारावरून सगळे तिला 'पाव' म्हणत. आत समोरासमोर दोन बाकं. एका बाकावर ऐंशीची बाल्झिया आजी, मांडीवर शेल्पेकचं गाठोडं. तिच्या शेजारी कुरालाय आणि तिचा नवरा झांदोस, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल मागायला निघालेली. समोरच्या बाकावर उल्बोसिन. आणि तिच्या बाजूला, नेमका तिच्याच बाजूला, ओतेगेन.

"बाप गेला, पण विहिरीचं भूत काही घरातून गेलं नाही," ओतेगेन खिडकीकडे बघत म्हणाला. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

 तो आपल्याच गाडीत असणार हे उल्बोसिनला दोन दिवसांपासून माहीत होतं, आणि मुद्दाम तिने याच गाडीत जागा धरली होती.

तिचा बाप एस्माम्बेत विहिरी खोदायचा. त्याचा बापही तेच करायचा. पठारावरच्या बहुतेक जुन्या विहिरींत तो कधी ना कधी उतरला होता, गाळ काढला होता, ढासळलेले चिरे पुन्हा बसवले होते. याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते एकाच विहिरीवरून. एकोणीस वर्षांचा असताना, म्हणे, त्याने बापाबरोबर पांढऱ्या कड्याच्या पलीकडे एक विहीर खोदली. कुणाची परवानगी नाही, कुठल्या कागदावर नोंद नाही. चाळीस परस खोल. दोन्ही हात ताणून पसरले की एक परस, असे चाळीस. आणि पाणी गोड. या भागात जिथे बघावं तिथे पाणी खारट नाहीतर कडू, चहात दूध घातलं की फाटणार. आणि हा सांगणार, गोड. पुढे कळप दुसरीकडे हलवले, उंटाचं एक पिल्लू विहिरीत पडून मेलं, तेव्हा त्याने ती झाकून टाकली. कशी झाकली, असं कुणी विचारलं की हसायचा. "अशी झाकलीय, की शंभर माणसं शेजारून जातील आणि एक हात लावणार नाही."

सरकारी फार्मवर ओतेगेन पाण्याचा टँकर चालवायचा. तीस वर्षं त्याने याच रस्त्याने कळपांना पाणी पोचवलं. एस्माम्बेत चारचौघांत त्याला म्हणायचा, "ओतेगेन, तू तीस वर्षं भरल्या विहिरीशेजारून पाणी वाहून नेलंस." लोक पोट धरून हसायचे. ओतेगेन हसायचा नाही. एस्माम्बेतला माती देऊन आल्यावर, जेवणाच्या पंगतीत, तो बोलला ते उल्बोसिनने पडद्याआडून ऐकलं: "माणूस चांगला होता. हात सोन्याचे होते. पण एक विहीर त्याने तोंडाने खोदली."

आता येत्या रविवारी बापाच्या वर्षाचं जेवण होतं. घोडा कापायचा, दोनशे माणसं येणार. एकेक म्हातारा उठून गेलेल्याविषयी बोलणार, आणि त्यानंतर त्या माणसाविषयीचं बोलणं संपणार. वर्षाच्या जेवणाला जे बोललं जातं तेच त्याच्यामागे राहतं. ओतेगेन वयाने आणि नात्याने बोलणाऱ्यांत तिसरा होता. तो काय बोलणार हेही ठरल्यासारखंच होतं, लोक त्याची वाटच बघत होते.

शेवटची सहा वर्षं बापाला दिसत नव्हतं. "पुढच्या वसंतात नेते तुम्हाला विहिरीपाशी," असं उल्बोसिन प्रत्येक वसंतात म्हणाली होती.

*

शोपान-अताला सकाळीच जाऊन आले. आधी शोपान-अता, मग बेकेत-अता. गुरूला ओलांडून शिष्याकडे कुणी जात नाही. तिथला चहा झाला, नमाज झाला, आणि गाडी पुन्हा पठारावर लागली. रस्ता असा नव्हताच. चाकांच्या दहा-बारा जोड्या समांतर धावत होत्या, त्यातली जी कमी खोल ती सागिंदिक निवडायचा आणि दर वेळी चुकीची निवडायचा. बाकावर बसलेल्यांची डोकी छताला लागत होती.

"अरे, मूल मागायला चाललोय," झांदोस ओरडला. "तू आहे ती आशासुद्धा हलवून पाडशील!"

"जरा धक्के खाल्ले की बेकेत-अता लवकर देतो," सागिंदिकने मागे न बघता उत्तर दिलं. कुरालायने ओढणीत तोंड लपवलं.

पांढरा कडा उजवीकडे दिसू लागला तशी उल्बोसिन पुढे सरकली. "सागिंदिकभाऊ, बाबांनी सांगितलेली खूण आहे, कड्याचं टोक एकट्या दातासारखं दिसायला लागलं की थांबव."

"झालं सुरू," ओतेगेन म्हणाला.

पहिल्या वेळी थांबले तिथे काहीच नव्हतं. ती ऊन डोक्यावर घेऊन अर्धा तास फिरली. नुसता सपाट, भेगाळलेला माळ, राखेच्या रंगाचं कडवं झुडूप आणि सरडे. दुसऱ्या वेळी दगडांचा एक गोल दिसला, तो मेंढ्यांचा मोडका वाडा निघाला. ती गाडीत परत आली. बाल्झिया आजीने तिच्या हातावर सुक्या दह्याचा एक खडा ठेवला. "चघळ. तहान कमी लागते."

"पोरी," ओतेगेन म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, ते तिला जास्त लागलं. "फार्मचे लोक शोधून गेले. तेलवाल्यांचे मोजणीवाले यंत्रं घेऊन शोधून गेले. मी स्वतः या माळावर हजार वेळा आलोय. इथं नावालासुद्धा विहीर म्हणता येईल असं काही नाही. तू शिकलेली बाई आहेस. बापावर माया असावी, पण डोळे मिटून नको."

"रविवारी हेच बोलणार आहात काका?"

"मी खोटं बोलत नाही, एवढं तुझ्या बापालाही माहीत होतं."

"ते मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याच गाडीत बसले."

ओतेगेनने तिच्याकडे नीट वळून पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

उन्हं कलली होती. अंधार पडायच्या आत बेकेत-अताचा उतार गाठायला हवा, म्हणून सागिंदिकने गाडी पळवायला सुरुवात केली. थोड्या अंतरावर डाव्या हाताला एक कबर आली. एकटीच. चहूबाजूंनी रचलेले दगड, वर एक लांब शिळा, उशाशी उभा केलेला अणकुचीदार दगड. गाडीतल्या सगळ्यांचे हात आपोआप वर झाले, ओंजळी झाल्या. बाल्झिया आजी पुटपुटली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सागिंदिकनेही चाकावरचा एक हात सोडून तेवढं केलं. या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तेच करायचा. कबर कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती.

उल्बोसिननेही तोंडावरून हात फिरवला. गाडी छोट्या चढावर चढली. तिने मागच्या काचेतून सहज मागे पाहिलं. कललेल्या उन्हात मघाशी सपाट दिसणारा माळ आता सुरकुतलेला दिसत होता. आणि त्या कबरीपासून निघून एक सावलीची रेघ सरळ गेली होती. आखल्यासारखी. ती कुठल्या वाटेला मिळत नव्हती. मधेच संपत होती.

"थांबव."

"ताई, आता नाही. अंधार होईल."

"सागिंदिक, गाडी थांबव!"

गाडी थांबायच्या आत तिने दार उघडलं होतं.

*

जवळून ती रेघ म्हणजे हातभर रुंद, चार बोटं खोल असा चर होता. आजूबाजूला झुडपं होती, त्या पट्ट्यात मात्र गवताची काडी नव्हती. जमीन तुडवून तुडवून दगड झाली होती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मग ओरडली, "दोर आणा!"

झांदोसने दोर खांद्यावर घेऊन आणला. मागोमाग बाकीचे आले, सगळ्यात शेवटी ओतेगेन, काठी टेकत.

"ही धाव आहे," उल्बोसिन म्हणाली. तिला धाप लागली होती. "मोटेची धाव. खोल विहिरीचं पाणी हाताने ओढता येत नाही. दोराचं एक टोक मोटेला, एक उंटाला. उंट चालत लांब जातो तशी मोट वर येते. विहीर जेवढी खोल तेवढी धाव लांब. त्याहून एक पाऊल पुढे उंट जात नाही, कारण मोट तोवर वर आलेली असते."

"उंट कुठल्याही वाटेने चालतो," ओतेगेन म्हणाला.

"कुठल्याही वाटेने चालतो, पण मधेच थांबून परत फिरतो का? हा दोर बाबांनी त्या विहिरीसाठी वळलेला. चाळीस परस आहे. झांदोस, हे टोक त्या शिळेपाशी धर."

तिने दोर चरावर सोडत नेला. वेटोळं उलगडत गेलं, कमी होत गेलं. सागिंदिक तिच्याबरोबर चालत होता, मोठ्याने बोलत होता: "अजून आहे, अजून आहे..." चर संपला तिथे तिच्या हातात दोराची गाठ उरली. गाठीपुढे झुडूप होतं.



"या अल्ला," कुरालाय म्हणाली.

"कबर आहे ती!" ओतेगेन एकदम ओरडला.  "तीस वर्षं मी तिला सलाम करत आलोय. तिच्यावरचा दगड हलवणार? मेलेल्याची हाडं उघडी पाडणार? माझ्या डोळ्यांदेखत?"

कुणी पुढे सरेना. झांदोसने शिळेवरचा हात काढून घेतला. मुलाचं मागणं घेऊन निघालेला माणूस, वाटेत कबर उकरून पुढे जायचं म्हणजे केवढा अपशकुन.

उल्बोसिनही थबकली. दोर जुळला होता, पण दोराने काय सिद्ध होतं? धाव विहिरीची असेल, आणि नंतर त्याच जागी कुणाला पुरलं असेल तर? विहीर बुजवून? ती शिळेभोवती एकदा फिरली. मग थांबली आणि मावळतीच्या जरा डावीकडे बघितलं. शोपान-अताला नमाज ज्या दिशेला पढला तिकडे.

"काका, मक्का कुठल्या बाजूला?"

"चेष्टा करतेस?"

"नाही. दाखवा."

ओतेगेनने काठी उचलून नैर्ऋत्येला धरली. काठी आणि शिळा एका रेषेत आली.

"आपला माणूस कबरीत मक्केच्या दिशेला आडवा, कुशीवर निजतो, तोंड तिकडे करून," उल्बोसिन म्हणाली. "इथे पाय मक्केकडे आहेत. आपल्यातल्या कुणी कुणाला असं पुरलंय? तुम्ही एवढ्या जणांना माती दिलीत. सांगा."

ओतेगेनची काठी तशीच हवेत राहिली. त्याने शिळेकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "मग... काफिराची असेल."

"मग काफिराला तीस वर्षं सलाम करत होतात, भावजी," बाल्झिया आजी म्हणाली. ती धापा टाकत शिळेपाशी येऊन बसली होती. "लांबून बघितलं, हात वर केले, निघाले. उतरून बघितलंय का कधी कुणी? मीही नाही बघितलं. अशी झाकली त्याने. मेला लबाड एस्माम्बेत!" आणि ती हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"वहिनी, हसू नका."

"हसू नको तर काय करू? उघड ग पोरी."

"दोष माझा," उल्बोसिन म्हणाली. "आधी हात मी लावते."

"तुला अजून पुष्कळ जगायचंय. माझा दोष असू दे, मला तो फार दिवस वागवावा लागणार नाही." म्हातारीने बिस्मिल्ला म्हणून शिळेवर आपला सुरकुतलेला पंजा ठेवला. "चला. आता ओढा."

झांदोस आणि सागिंदिकने पहार लावली. शिळा हलली, घासत बाजूला सरकली. खाली आणखी एक शिळा होती, तीही सरकवली; तिच्याखाली उंटाच्या कातड्याचा कुजलेला तुकडा, आणि मग काळोख. त्या काळोखातून थंड वारा वर आला. चिऱ्यांचं गोल तोंड, जेमतेम माणूस उतरेल एवढं. कडेच्या दगडावर दोराने कापलेल्या खाचा होत्या, बोटभर खोल, नितळ, धावेच्या दिशेने.

उल्बोसिन पालथी झोपली. एक खडा घेतला आणि सोडला. एक. दोन. तीन. चार म्हणायच्या बेतात होती, तेव्हा खालून आवाज आला. पाण्याचाच. ओला, भरलेला आवाज.

ती उठली नाही. तशीच चिऱ्यांना कपाळ टेकून पडून राहिली. तिच्या पाठीवर कुरालायचा हात आला, आणि तिने तो तिथे राहू दिला.

*

"उंट कुठाय?" झांदोसने विचारलं.

सगळ्यांनी एकदम गाडीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," सागिंदिक म्हणाला. "क्लच आधीच..." मग त्याने टोपी मागे सारली. "बरं. बघा. जन्मात काय काय व्हावं लागतं माणसाला."

बापाची कातड्याची मोट तिने आदल्या दिवसापासून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती दोराला बांधून आत सोडली. दोर जात राहिला, जात राहिला. काठावर गाडीचं जादा चाक आडवं टाकलं, दोर घासू नये म्हणून. दुसरं टोक गाडीच्या मागच्या कडीला. उल्बोसिन तोंडाशी बसली. सागिंदिकने पहिला गियर टाकला.

दहा पावलं गाडी नीट गेली. मग धाव सोडून डावीकडे कलली. दोर तिरका झाला, मोट खाली चिऱ्यांवर आपटल्याचा आवाज आला.

"थांब, गाढवा!" हा आवाज ओतेगेनचा होता. तो काठी विसरून गाडीकडे चालत निघाला होता, जवळजवळ धावत. त्याने दार उघडलं. "उतर. सरळ चालवता येत नाही तुला. सकाळपासून बघतोय."

"आजोबा, तुम्हाला या वयात..."

"तीस वर्षं पाणी वाहिलंय या माळावर. उतर म्हणतो ना!"

तो चढला. दोन्ही हातांनी चाक धरलं, एकदा मागे वळून दोर पाहिला. गाडी हळू, एका लयीत, चरात चाक ठेवून निघाली. जराही इकडेतिकडे झाली नाही. दोर चाकाच्या रबरावरून कुरकुरत वर येत राहिला. सुका दोर, मग ओला दोर, मग टपटपणारा. आणि गाडीची मागची चाकं धाव संपते तिथल्या झुडपाला टेकली, नेमकी तेव्हाच, काळी, फुगलेली, चहूकडून गळणारी मोट उजेडात आली.

"थांबा!" उल्बोसिन ओरडली.

पहिली ओंजळ बाल्झिया आजीला दिली. तिने तोंडात घोळवली, डोळे मिटले, गिळली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"दूध फाटणार नाही," ती म्हणाली.

झांदोस हात उंचावून नाचायला लागला. कुरालायने तोंडावर, मानेवर, डोक्यावर पाणी घेतलं. सागिंदिकने टोपी भरून पाणी प्यायलं आणि उरलेलं झांदोसच्या अंगावर फेकलं. ओतेगेन गाडीतून उतरून धावेने चालत परत आला. सावकाश. उल्बोसिनने मोट कलती करून त्याच्यासमोर धरली. तो गुडघ्यांवर बसला आणि जनावर पितं तसा तोंड लावून प्याला. खूप वेळ प्याला. मग दाढी पुसली.

"भरल्या विहिरीशेजारून," तो म्हणाला. "तीस वर्षं. दिवसाला दोन खेपा." त्याने मान हलवली. त्याच्या छातीतून खोकल्यासारखा काहीतरी आवाज यायला लागला, आणि तो हसतोय हे उल्बोसिनला उशिरा कळलं. "सलाम करत करत! पोरी, रविवारी मी तिसरा नाही बोलणार. पहिला बोलणार. जेवण घालणाऱ्या तुझ्या चुलत्याला सांगून ठेव, मधे कुणी तोंड घातलं तर काठी घालीन."

"काय बोलणार काका?"

"हेच. सगळं. मी कसा गाढव, हे धरून. दोनशे माणसं हसू देत." तो काठी शोधायला लागला, ती सापडेना. "आणखी किती मोटा हव्यात तुला?"

"एक कॅन भरला की झालं. चहापुरतं."

"चहापुरतं म्हणे. तिकडे बघ."

तिने पाहिलं. कड्याच्या बाजूने माळावर ठिपके हलत होते. मोकळे सोडलेले उंट. माना ताणून, नाकपुड्या वर करून, धूळ उडवत ते थेट इकडेच येत होते. आधी चार दिसले, मग नऊ. मागून दोन पिल्लं, पाय कुठे पडतायत याचं भान नसलेली.

"वास लागला त्यांना," बाल्झिया आजी म्हणाली. "आता काही लवकर सुटका नाही आपली."

"बेकेत-अता?" सागिंदिकने विचारलं.

"तो कुठे पळून चाललाय? तहानलेल्याला पाजलं म्हणून रागावणार नाही." म्हातारी उठून एका खोलगट शिळेतली माती पदराने झाडायला लागली. ती शिळा म्हणजे पाण्याची डोणी होती.

ओतेगेन गाडीत जाऊन बसला होता. गाडी मागे मागे येत विहिरीच्या तोंडाशी आली, दोर सैल झाला, मोट पुन्हा काळोखात उतरली. पाण्याला टेकली ते उल्बोसिनच्या तळहाताला दोरातून कळलं. दोर जड झाला.

तिने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि विहिरीच्या तोंडाशी बसणारा माणूस उंटवाल्याला देतो ती लांब, चढत जाणारी हाक दिली. वर्षभरात तिने कुणाला अशी मोकळी हाक मारली नव्हती. माळावर ती कड्यापर्यंत गेली. गाडी चालायला लागली, आणि येणाऱ्या उंटांनी पाय उचलले.